दीड आटा

जुना फिल्टर मी दुधाच्या रिकाम्या पिशवीतून नेला
आणि वडाळा नाक्यावर मुर्तझाभाईंच्या काउंटरवर ठेवला.
खाली तेलाचं एक काळं कडं उमटलं.
"कागदावर ठेवा, ताई," म्हणत त्यांनी
कालच्या पेपरातलं 'वधू पाहिजे' पुढे सरकवलं.

फिल्टरवरचा नंबर घासून गेलेला.
एक आठ दिसत होता, किंवा तो तीन असेल,
शेवटी एक रेघ, जी कधीकाळी अक्षर असावी.
मी आरसी बुक काढलं:
दोन हजार अकरा, स्कूल व्हॅन, रंग पिवळा.
त्यांनी जाड पुस्तकात बोट फिरवलं, थांबवलं,
वरच्या फळीवरून निळा फिल्टर काढला.
"तुमचा हाच."
पुस्तकात होतं म्हणजे होतं.

शनिवारी संध्याकाळी, पाथर्डी फाट्याला,
पाठीखाली पोतं घेऊन मी गाडीखाली शिरले.
पहिला आटा गेला.
दुसऱ्याच्या अर्ध्यात थांबला.

जोर लावला असता तर गेला असता.
जोर लावून काय जात नाही?
आतल्या आत धातूचा बारीक चुरा होतो
आणि सगळे म्हणतात, बसलंय की नीट.
माझ्या लग्नातही असंच म्हणाले होते.

मी उलटा फिरवून काढला.
इंजिन रिकामं, तेल घमेल्यात,
सोमवारी सहा वीसला बारा पोरं फाटकाशी उभी राहणार.
फोन केला तर मुर्तझाभाई म्हणाले,
"दीड आटा? मोजून?"
आणि गप्प झाले.

रविवारी दुकान बंद, तरी ते स्कूटरवरून आले.
शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर.
"रात्री झोप नाही लागली," म्हणाले,
"पुस्तक चुकेल, पण इतकं नाही चुकणार."
पांढऱ्या दाढीनिशी माझ्या पोत्यावर आडवे झाले.
आधी जुनी रबरी कडी शोधली,
ती इंजिनलाच चिकटून बसली होती; नखाने सोलून काढली.
मग टॉर्च मारून इंजिनवरचा नंबर वाचला,
एकेक आकडा मोठ्याने, रोल कॉलसारखा.
मी आरसी बुकात बघत होते.
चौथ्या आकड्यापासून पुढे एकही जुळेना.

सटाण्याला खैरनारांना फोन लावला,
ज्यांनी मला ही गाडी विकली, नारळासकट.
"इंजिन ना? हां, ते बदललं होतं.
सांगायचं राहिलंच बघा."

पाच वर्षं मी हिचे कागद वाचून हिला ओळखत होते.

दुपारी त्यांनी दुकान अर्धं उघडलं, शटरखालून वाकून आत गेलो.
या खेपेला पुस्तक नाही. हातात व्हर्नियर,
कडीचा घेर, आट्याचं माप, आणि आतला रबरी पडदा
करंगळीने दाबून दाखवला:
"हा रात्री तेलाला खाली उतरू देत नाही.
तुमच्या जुन्यात नव्हताच."
म्हणजे रोज पहाटेची ती चार सेकंदांची खडखड!
मी ती नाशिकच्या थंडीवर ढकलत आले होते,
डिसेंबरात तर नक्कीच, आणि मे महिन्यातही.

नवा फिल्टर पांढरा, बुटका, दिसायला काहीच नाही.
कडीला बोटाने तेल लावलं,
वडीच्या ताटाला तूप लावतो तेवढंच.
हाताने फिरवला. पान्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती.
एक, दोन, तीन, चार,
मग टेकला. मग वर पाऊण फेरा.
खाली पेपर अंथरून ठेवला, आणि रात्री दोनदा उठून बघितला.
वधू अजून पाहिजेच होती, कोरडी.

सोमवारी पहिल्या फाटकाशी किल्ली पुन्हा फिरवली.
चार्वी रोज खडखड मोजते, बोटं वर करून.
आज तिने "एक" म्हटलं,
बोट तसंच वर ठेवलं,
आणि माझ्याकडे बघत राहिली.

निळा फिल्टर त्यांनी परत घेतला, पैसे वळते केले.
आरसी बुकात मात्र नंबर जुनाच आहे.
आरटीओत जायचंय.
या आठवड्यात नाही जमणार, युनिट टेस्ट आहेत.